घरातला चव्हाटा

रविवारी सकाळी गिरगावातली माणसं बायकामुलांना घेऊन राणीच्या बागेत जातात, नाहीतर चौपाटीवर भेळ खातात. मनमोहन धैर्यवान बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन लालबागला जायचा, एका बंद पडलेल्या गिरणीची मागची भिंत बघायला. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. पण ती एका जागी, पोटात कळ यावी तशी, आत वळली होती, आणि तेवढ्या वळणापायी लतिकेचे तीन रविवार गेले होते.

"भिंत उगीच वाकत नाही," मनमोहन म्हणायचा. "माणूस भिंत घालतो ती सरळ घालतो. वळण लागतं ते गाडीला."

तो बोरीबंदरला रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर विजेच्या गाड्यांच्या खांबांचे नकाशे काढायचा आणि घरी आला की वाफेच्या इंजिनाचं वेड घेऊन बसायचा. त्याच्या लहानपणी परळच्या बाजूने एक फाटा या गल्लीला आडवा ओलांडून गिरणीत शिरायचा. कोळसा आणि कापसाच्या गासड्या आणायला एक छोटं इंजिन यायचं, डोक्यावर पितळी घुमट असलेलं. लोक त्याला 'बुटकी' म्हणायचे. वडिलांचं बोट धरून मनमोहनने ती एकदाच पाहिली होती. पुढे गिरणी बंद पडली, रूळ उपटून भंगारात गेले. फाटा गिरणीचा खाजगी, त्यामुळे रेल्वेकडे त्याचा नकाशा नाही. आणि गिरणीचे कागद कुठे गेले ते गिरणीच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. मनमोहनला तो फाटा घरात मांडायचा होता, मापात, हुबेहूब.

"एवढ्या लाइनी आहेत जगात. एखादी नकाशावाली घ्या की," लतिका म्हणाली होती.

"नकाशावाली कोणीही करील. त्यात काय मजा?"

लतिका विल्सन कॉलेजातून बी. ए. झाली होती. वादात ती नवऱ्याला ऐकली नसती. पण मुलगी झाल्यापासून तिचं अर्धं लक्ष कायम दुसरीकडे असायचं: बेबीच्या पायात काय येतंय, तोंडात काय जातंय, मागून सायकल तर येत नाही. त्यामुळे वाद अर्धेच राहायचे.

त्या रविवारी, दिवाळीच्या थोडं आधी, मनमोहन टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजत होता. गल्ली अगदी सरळ. एका अंगाला चाळ, दुसऱ्या अंगाला गिरणीची भिंत. मोजता मोजता तो एकदम थबकला. भरगल्लीत, कडेला, पानावर दहीभात होता; शेजारी लिंबू, मिरच्या, कोळशाचा तुकडा. उतारा. कोणीतरी कोणाची तरी दृष्ट काढून ठेवलेला.

लतिकेने बेबीला झटकन कडेवर उचललं. दृष्टबिष्ट ती मानत नव्हती. पण न मानणं वेगळं आणि पोरीला त्यावरून चालू देणं वेगळं.

चाळीच्या पायरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. शेजारीण तिला जाईबाई म्हणून हाक मारत होती.

"मावशी," मनमोहनने विचारलं, "उतारा चव्हाट्यावर ठेवतात ना? चार वाटा मिळतात तिथे?"

"मगे? खय ठेवतले?"

"पण इथे कुठे चव्हाटा आहे? रस्ता एकच. सरळ."

जाईबाईने सुपातून मान वर केली. हा परटघडीचा लेंगा घातलेला माणूस आपली चेष्टा करतोय की काय, ते तिने आधी बघून घेतलं. "ह्योच चव्हाटो. माझी सासू हयच ठेवी. आता कित्याक ता माका नको विचारू. तुमका ठेवूचो आसा काय उतारो? बायल लय रागान बघता हा तुमच्याकडे."

शेजारीण फिसकन हसली. मनमोहन मात्र हसला नाही. तो उताऱ्याकडे बघत होता, मग भिंतीच्या वळणाकडे, मग समोर दोन खोल्यांमधल्या बोळाकडे. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अगं, चार वाटा!" तो लतिकेला म्हणाला. "दोन गल्लीच्या आणि दोन रुळांच्या! फाटक होतं ते नेमकं इथे. रूळ गेले, फाटक गेलं, पण बायकांनी चव्हाटा नाही हलवला. पन्नास सर्व्हेयरना जमलं नसतं!"

तो गुडघ्यावर बसून टेप पसरू लागला. लतिका बेबीला घेऊन दूर उभी राहिली. तेवढ्यात एक हातगाडीवाला आला आणि उताऱ्याच्या अलीकडे थांबला. समोर कोणी नव्हतं. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग गाडी ढकलत पुढे गेला. उताऱ्याला मान दिला असेल, असं लतिकेला वाटलं. पुढे नोव्हेंबर आला, फ्लोरा फाउंटनला गोळ्या सुटल्या, आणि रविवारचं लालबाग बंद झालं.

त्याने मनमोहनचं काही अडलं नाही. मापं हातात होती.

गिरगावातलं धैर्यवानांचं घर लांबुळकं होतं. रस्त्याच्या अंगाला दिवाणखाना, पाठीमागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आणि मधे एक अरुंद बोळकंडी. बोळकंडीच्या एका बाजूला मनमोहन-लतिकेची खोली, दुसऱ्या बाजूला अडगळीची. मनमोहनने रूळ काढले ते आपल्या खाटेखालून. ते बोळकंडी आडवी ओलांडून अडगळीच्या खोलीत शिरत, कारण तीच त्याची गिरणी. बोळकंडीत, बरोबर मधोमध, त्याने फाटक केलं. सिगारच्या खोक्याच्या लाकडाचे दोन आडणे, तांबडे-पांढरे रंगवलेले, बोटाने वरखाली होणारे. रुळांखाली चहाच्या खोक्याच्या पट्ट्यांचे स्लीपर. खडी म्हणून चाळलेली वाळू.

"घरात चालायची सोय नाही राहिली," त्याची आई म्हणायची. सगळे तिला माई म्हणत. "स्वयंपाकघरात जायचं तर लुगडं उचलून लाइन ओलांडायची. तिकीट काढू का रे मनू?"

"फाटक उघडं असलं की जायचं, माई. बंद असलं की थांबायचं."

"आणि चुलीवरचं माशाचं भुजणं लागलं खाली तर?"

"मग गार्डाची शिट्टी."

इंजिन अजून व्हायचं होतं. त्याचा घुमट करायला पितळेचा पत्रा आणून ठेवला होता, चाकं कापून झाली होती, पण ती सगळी कपाटावर एका डब्यात होती. रुळांवर काहीच धावत नव्हतं. बेबी कधी कधी फाटकाशी बसून आडणे वरखाली करायची, आपल्या बाहुलीला पलीकडे न्यायची, अलीकडे आणायची. लतिकेला ते खरं तर आवडायचं. पोर एका जागी बसते, दिसत राहते.

जानेवारीत रेडिओवर ती घोषणा झाली, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून, आणि गिरगाव पेटलं. रस्त्यावर दगड, जळते टायर, ट्राम उलटवल्याच्या बातम्या. मग गोळीबार. तो आवाज पहिल्यांदा झाला तेव्हा लतिका खिडक्या लावत होती. तिला वाटलं फळी पडली. दुसऱ्यांदा झाला तेव्हा तिने बेबीला पलंगाखाली ढकललं आणि स्वतः तिच्यापुढे आडवी पडली.

संचारबंदी लागली. दूध आलं नाही, भाजी आली नाही. बेबी दोन दिवस काही खाईना. कुठे भांडं वाजलं की दोन्ही कानांवर हात. झोपेत दचकायची आणि जागी झाली की डोळे मोठे करून दाराकडे बघत राहायची.

"दृष्ट काढते मी हिची," दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माई म्हणाल्या.

"माई, ती घाबरली आहे. दृष्ट कसली त्यात?"

"तेच ते. तुमच्या कॉलेजात त्याला घाबरणं म्हणत असतील." त्यांनी मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेतल्या, बेबीवरून उतरवल्या, पुटपुटल्या. पानावर भाताची मूद, वर दही. मग पान हातात घेऊन दाराशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर पोलिसांची लॉरी उभी होती. चव्हाट्यापर्यंत जायचं म्हणजे गोळी खायला जायचं.

"राहू दे, सकाळी बघू," लतिका म्हणाली.

"उतरवलेलं घरात ठेवून निजायचं? शहाणीच आहेस." माईंनी मागे बघितलं, बोळकंडीत, आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर काम झाल्यासारखं हसू आलं. "अगं, तुझ्या नवऱ्याने घरातच चव्हाटा घालून ठेवलाय की! दोन वाटा ह्या, दोन त्या. तोच म्हणाला होता ना?"

आणि त्यांनी वाकून ते पान फाटकाच्या आत, रुळांच्या कडेला ठेवलं. मिरच्या, मीठ, कोळसा. मागे न बघता दिवाणखान्यात आल्या आणि पाय धुवायला पाणी मागितलं. पाणी स्वयंपाकघरात. ते आणायला लतिकेला तिथूनच जावं लागलं.

मनमोहन खो खो हसला. "माई, मालगाडीची परवानगी घेतलीस का?"

त्या रात्री बेबी गाढ झोपली. सकाळी उठून तिने दूध नसलेल्या चहाबरोबर दोन शिळ्या चपात्या खाल्ल्या. माईंनी सुनेकडे नुसतं बघितलं. लतिकेने ते पान उचललं, दही वाळून रुळाला चिकटलं होतं ते ओल्या फडक्याने पुसलं, आणि पुडकं करून मागच्या गॅलरीत ठेवलं, संचारबंदी उठली की टाकायला.

दुपारी ती स्वयंपाकघरातून हाक मारत होती, "बेबी, जेवायला ये." बेबी दिवाणखान्यातून धावत आली आणि फाटकाशी थांबली. आडणे वर होते. वाट मोकळी होती.

"ये ना गं."

बेबीने हात वर केला, पोलीस करतो तसा. डावीकडे बघत राहिली, मग मान हळूहळू उजवीकडे नेली, काहीतरी समोरून जात असल्यासारखी. मग आली.

"काय करत होतीस?"

"गाडी जात होती."

लतिका हसली. खेळ होता. बापाने शिकवला असेल.

संचारबंदी उठली, ऑफिसं सुरू झाली, भिंतींवर पुन्हा घोषणा रंगल्या. बेबीचा खेळ संपला नाही. स्वयंपाकघरात जाताना, तिथून येताना, प्रत्येक वेळी ती फाटकाशी थांबायची. आणि लतिका बघत असायची म्हणून तिच्या एक गोष्ट लक्षात आली: थांबणं वाढत होतं. आधी श्वास आत घेऊन बाहेर सोडावा एवढं. मग आमटी वाढून होईपर्यंत. मग तर ताट वाढून भात निवला तरी पोर उभीच, मान डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. कंटाळल्याचं, खट्याळपणाचं नावही चेहऱ्यावर नसायचं. मोठ्या माणसाची गाडी चुकली की तो उभा असतो तशी.

"केवढी मोठी गाडी गं?" लतिकेने एकदा, सहज विचारल्यासारखं करून विचारलं.

"संपतच नाही," बेबी म्हणाली. "बायका पण आहेत आत."

"कुठल्या बायका?"

"बसल्यात." एवढं बोलून तिने तोंडावर बोट ठेवलं.

मनमोहनने बायका हा शब्द ऐकला आणि पहिल्यांदा त्याचं हसू गेलं. "मालगाडी होती ती," तो हलक्या आवाजात म्हणाला. "माणसांचे डबे नव्हतेच तिला. मी सांगितलेलं नाही तिला असलं काही."

रविवारी त्याने ठरवलं की हे फार झालं. बेबी फाटकाशी उभी होती. त्याने मागून येऊन तिला बखोटीला धरून उचललं आणि एका ढांगेत पलीकडे नेलं. बेबी रडली नाही. ती ताठ झाली. डोळे उघडे, जबडा आवळलेला, आणि ओठ जांभळाच्या रंगाचे होत गेले. लतिकेने तिला हिसकावून घेतलं आणि काय सुचलं कोण जाणे, तशीच परत अलीकडे आणली. तेव्हा कुठे पोरीने श्वास घेतला. बुडालेलं माणूस वर येऊन घेतं तसा.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, गोळीबाराची भीती मनात बसली आहे, हळूहळू जाईल. टॉनिक दिलं.

त्याच संध्याकाळी मनमोहनने बोळकंडीतले रूळ उपटले. कोणी सांगितलं नव्हतं. खाली बसला आणि खिळ्यामागून खिळा काढत गेला, ओठ घट्ट मिटून, तीन महिन्यांचं काम. आडणे मोडून चुलीत घातले. लाद्या धुतल्या. खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.

"बघ, बेबी," तो म्हणाला. "लाइन गेली. आता गाडी नाही."

बेबी भोकांशी येऊन थांबली. हात वर केला.

दुसऱ्या दिवशी लतिकेने पोरीला माईंपाशी ठेवलं आणि एकटी लालबागला गेली. कशाला, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. भर सकाळ होती. नळावर भांडण चाललं होतं, कोणी पापड वाळत घालत होतं. गल्लीत आज उताराही नव्हता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला एक गोष्टच काय ती जमत होती, ती करू लागली. बघू लागली.

एक पाववाला आला. वळणासमोर आला आणि त्याची सायकल हळू झाली, एक पाय जमिनीला टेकला, मग पुढे गेली. दोघी बायका बोलत आल्या. तिथे आल्यावर दोघींचं बोलणं तुटलं, पावलं थांबली, नजर डावीकडे, उजवीकडे, आणि पलीकडे गेल्यावर तुटलेलं वाक्य जोडून पुढे. एक गिरणीकामगार, एक भय्या, पाण्याची कळशी घेतलेली एक म्हातारी. कुत्रंसुद्धा. जो येई तो डोळ्याचं पातं लवेल न लवेल एवढा थांबे. रूळ निघून तीस वर्षं झालेली.

जाईबाई बादली घेऊन आली, थांबली, पुढे गेली. लतिकेने तिला गाठलं.

"मावशी, आत्ता तुम्ही मधेच का थांबलात?"

"खय?"

"तिथे. भिंतीपाशी."

"मी? मी नाय थांबलंय." जाईबाईने तिला निरखून बघितलं. ओळख पटली. "त्या टेपवाल्याची बायल न्हय गो तू? काय झाला? तोंड कसा उतरला तुझा."

लतिकेने रुळांबद्दल विचारलं. जाईबाईला काही ठाऊक नव्हतं. ती लग्न करून आली तेव्हापासून तिने रस्ताच बघितला होता. गाडीत माणसं असायची का, तेही तिला ठाऊक नव्हतं. "माका कोणी सांगूक नाय. मी कोणाक विचारूक नाय," ती म्हणाली आणि बादली उचलून जिना चढून गेली.

परत येताना बसमध्ये लतिका विचार करत होती, एखादं प्रमेय सोडवावं तशी. गल्लीतून दिवसाकाठी किती माणसं जात असतील? त्या गाडीला जो काय वेळ द्यायचा तो तिथे सगळे मिळून देतात. कणाकणाने, कोणाला कळतही नाही. म्हणून तर चव्हाटा. तिथे कोणी एकटं नसतं. पण आपल्या घरात? मी रोज वीस वेळा तिथून जाते आणि थांबत नाही. माई नाहीत, हे नाहीत. आपल्या घरात ते सगळं एकट्या बेबीवर पडलंय.

उतरायचा स्टॉप मागे गेला हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बस बरीच पुढे आली होती.

मग तिच्या सांगण्यावरून घरातली तिन्ही मोठी माणसं थांबू लागली. मनमोहन ऑफिसच्या बुटांत, माई जपाची माळ हातात घेऊन. खिळ्यांच्या भोकांशी उभं राहायचं, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. पण मुद्दाम थांबणं हे थांबणं नव्हतं. ते नाटक होतं. मनमोहन उभा असताना त्याची नजर रिकाम्या भिंतीवर असायची, आणि शेजारी उभ्या बेबीची नजर चालत्या गोष्टीवर. बेबीचं जेवण आता दिवाणखान्यात होऊ लागलं. न्हाणीघराऐवजी घमेलं. ती हट्ट करत नव्हती, रडत नव्हती. नुसती दिवसचे दिवस त्या भोकांशी उभी, आणि वजन उतरलेलं, फ्रॉक खांद्यावरून घसरणारा.

एका दुपारी माई देवळात गेल्या होत्या, मनमोहन ऑफिसात. लतिका स्वयंपाकघरात बेबीसाठी शिरा करत होती. रवा भाजल्याच्या वासाने तरी पोर येईल, असं वेडं काहीतरी मनात. बोळकंडी सगळी तिथून दिसत होती. खिळ्यांच्या भोकांपलीकडे बेबी, हात वर, मान डावीकडून उजवीकडे.

मान फिरायची थांबली.

"आई," बेबी म्हणाली, "आज उभी राहिली."

लतिकेच्या हातातला झारा तसाच राहिला. "काय उभं राहिलं?"

"गाडी. त्या सरकल्या. जागा केली." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, मामाकडे जायचंय असं सांगावं तसा. आणि तिने हात खाली घेतला, फ्रॉक गुडघ्यावर धरला, आणि उजवा पाय उचलला. उंच. सपाट लादीवर टाकायला कोणी एवढा उंच उचलत नाही. उंच पायरीवर ठेवायला उचलतात.

लतिका कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. भोकं ओलांडून ती बेबीसमोर गुडघ्यांवर आदळली. उचलायचं नाही, एवढं तिला आठवत होतं. उचललं की ओठ जांभळे होतात. मारावं? ओरडावं? समोर पोरीचा पाय हवेत तसाच, आणि डोळे आईच्या खांद्यावरून पलीकडे, कोणाकडे तरी बघून ओळखीचं हसणारे.

आणि लतिकेचे हात आपोआप वर गेले. तिने दोन्ही तळवे बेबीच्या केसांवर ठेवले, तिथून कानांवरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत ओढत खाली आणले, आणि मुठी स्वतःच्या कानशिलांवर दाबून बोटं मोडली. कडाकडा, दहाच्या दहा. अलाबला. पोर जरा न्हाऊन माखून छान दिसली की घराघरातल्या बायका करतात ते. लतिकेने कधीही केलं नव्हतं. कोणी बेबीची अलाबला घेतली की ती हसून तोंड फिरवायची. सगळ्या बायका म्हणतात ते शब्द मात्र तिच्या तोंडून आले नाहीत. इडापिडा टळो, असं ती म्हणाली नाही. टळून जाणार कुठे, हे तिला आता चांगलं माहीत होतं.

"माझ्यावर," ती म्हणाली. "हिचं सगळं माझ्यावर येऊ दे."

बेबीचा पाय खाली आला. साधा, लादीवर. तिने डोळे मिचकावले, नाक वर करून हुंगलं.

"शिरा?" ती म्हणाली. "आई, करपला!"

आणि आईच्या बगलेखालून निसटून, खिळ्यांच्या भोकांवरून, डावीउजवीकडे न बघता ती दुडदुड धावत स्वयंपाकघरात गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. ताटली पडल्याचा. लतिका हसू लागली, तिला रडूही येत होतं, स्टोव्ह पेटता आहे, पोर हात लावील, या विचाराने ती धडपडत उठली आणि तिने पाऊल टाकलं.

टाकलं नाही. उचललेलं पाऊल परत जागेवर आलं.

आधी तळव्यांना कळलं. लादी बारीक थरथरत होती. मग वास, रव्याचा नव्हे, ओल्या कोळशाचा. आणि मग डावीकडून, त्यांच्या खोलीच्या बंद दारातून, काळं, गरम, उंचच्या उंच काहीतरी आलं आणि तिच्या तोंडासमोरून हळूहळू जाऊ लागलं. लोखंडावर लोखंड वाजत होतं. वाऱ्याने तिच्या कपाळावरचे केस उडाले.

"बेबी, स्टोव्हला हात लावू नकोस!" ती ओरडली. आपला आवाज पलीकडे पोहोचतोय की नाही, कळेना.

"नाही लावत. तू ये ना."

"येते. गाडी जाऊ दे."

मग डब्यांच्या मधल्या फटीतून, भरल्या तोंडाने बोललेलं, बेबीचं स्वच्छ कुतूहल:

"कुठली गाडी?"

लतिकेला एवढं हायसं वाटलं की तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले. डबे येतच होते. तिने हात वर केला आणि पोर दिसतेय का ते बघत, प्रत्येक फटीतून बघत, ती उभी राहिली.